भुंग्याची गुलाबी दोरी

“पहिल्या दिवशी कालव्यात पोहणं, दुसऱ्या दिवशी कैऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोहणं!” बन्सीनं बोटं मोजत सुट्टीचा बेत जाहीर केला.

“आणि चौथ्या दिवशी?” गोरखनं विचारलं.

“चौथ्या दिवशी खोकला!”

पुष्पा हसली. पण तिचं लक्ष बेताकडे नव्हतं. एकाहत्तरच्या मे महिन्यातली ती दुपार चटचट तापली होती. संगमनेरहून एस.टी.नं आलेल्या पुष्पानं मामाच्या ओट्यावर अजून पिशवीही नीट ठेवली नव्हती.

“ते सगळं नंतर,” ती म्हणाली. “आधी भुंगा!”

गोरख आणि बन्सी एकमेकांकडे बघायला लागले. गोरख म्हणजे पुष्पाचा मामेभाऊ, तेरा वर्षांचा, खिशात कायम एक पाना घेऊन हिंडणारा. बन्सी शेजारच्या ड्रायव्हरकाकांचा मुलगा, अकरा वर्षांचा, खिशात कायम काहीतरी खायला घेऊन हिंडणारा.

“भुंगा नाही आता,” गोरख हळूच म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“भंगारात टाकलाय. सोमवारी ट्रक येणार आहे न्यायला.”

बेलापूरच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला, फळबागवाल्यांच्या एका सोसायटीची रोपवाटिका होती. चिकू, मोसंबी, पेरू, डाळिंब, सगळ्यांची रोपं तिथं वाढत. पुष्पाचे राधाकृष्णमामा तिथले फिटर. भुंगा हे त्या बागेतल्या पाणी ओढायच्या छोट्याशा जपानी इंजिनाचं नाव. ते गुणगुणायचं म्हणून मुलांनीच ठेवलेलं! इंजिनाच्या एका अंगाला पत्र्याची गोल टोपी होती. टोपीतून दोरी बाहेर आलेली, आणि दोरीच्या टोकाला लाकडी मूठ. मूठ धरून झर्रकन ओढली की भुंगा खोकायचा. पुन्हा ओढली की गुणगुणायला लागायचा, आणि कालव्याचं पाणी धावत रोपांकडे निघायचं.

भुंगा सहादेवबाबांचा. म्हणजे सोसायटीचाच, पण बागेचे म्हातारे माळी सहादेवबाबा त्याला नातवासारखं जपायचे. सुट्टीत आलेल्या पुष्पाला रोज एकदा दोरी ओढायला मिळायची. पहिल्याच वर्षी तिनं दोरी ओढली आणि मूठ तशीच सोडून दिली, तेव्हा बाबांनी वरच्या वर मूठ झेलली होती.

“अशी सोडायची न्हाई, बाय,” ते म्हणाले होते. “वढाया काय, कुनीबी वढतं. तिला घरी सोडून यावं लागतं. जत्रंतनं लेकराला हात धरून आनतो का न्हाई? तसं.”

मग मुठीबरोबर हात हळूहळू मागे न्यायचा. मूठ टोपीला ‘टक’ करून लागली की बाबा म्हणायचे, “हां. पोचली घरी.”

चैत्रात मामीचं कार्ड आलं होतं. शेवटी एकच ओळ होती : सहादेव माळी वारले. त्या दिवशी पुष्पा जेवली नव्हती.

“भुंग्याला काय झालं?” तिनं आता विचारलं.

गोरख पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. शेवटी बन्सीच बोलला. “बाबांनी मोडला. मढीच्या जत्रेहून आले, दोरी ओढली, ती वीतभर बाहेर आली आणि बाहेरच राहिली. मेलेल्या सापासारखी! मॅनेजर आबासाहेब तिथंच उभे होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘म्हाताऱ्या, मोडलंस ना शेवटी!’ मग बाबांनी ऑफिसात जाऊन माफी मागितली. आणि मग ताप आला. आणि मग...”



“बाबांनी मोडला?” पुष्पा म्हणाली. “शक्यच नाही!”

*

संध्याकाळी चहा घेताना तिनं मामांना विचारलं, “मामा, भुंगा तुम्ही उघडून बघितला का हो?”

राधाकृष्णमामा म्हणजे गप्पांचा धबधबा! पुष्पा आली की तिची वेणी ओढणार, नकला करणार, पोट दुखेस्तोवर हसवणार. पण या वेळी ते नुसतं “आलीस का, बरं झालं” एवढंच म्हणाले होते. तिच्या प्रश्नानं त्यांचा कपबशीचा हात मध्येच थांबला.

“मी? नाही बाई. मी कधी हातच लावला नाही त्याला. जपानी माल, आपल्याला काय कळतंय त्यातलं? आणि तुम्ही पोरांनी पण तिकडं जायचं नाही. पत्रा लागेल.”

चहा अर्धाच टाकून ते उठले.

जगातलं कुठलंही यंत्र दिसलं की मामांचे हात शिवशिवतात, हे पुष्पाला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भुंग्याला हातच लावला नाही? तिला हे फार विचित्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छबूबाईंकडे गेली. छबूबाई म्हणजे सहादेवबाबांची बायको. बागेच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांची एक खोली होती. पूर्वी त्या बाबांची भाकरी घेऊन बागेतूनच जायच्या. आता कुठंही जायचं झालं तरी अख्ख्या कुंपणाला वळसा घालायच्या.

दारापुढं वलणीच्या दोरीवर बाबांचं धोतर आणि बंडी वाळत घातलेली होती. उन्हानं कापडाचा रंग उडाला होता. दोन महिने ती तिथंच होती.

“बस बाय,” छबूबाई म्हणाल्या आणि पुष्पापुढं गुळाचा खडा ठेवला. मग पुष्पानं काही न विचारताच सांगू लागल्या. “घरी आल्यावं मला म्हनले, छबू, म्या न्हाई मोडलं गं. मी वढली तवाच ती मेल्यावानी हुती. मी म्हनलं, कशापायी आडून बसता? सायबाच्या पाया पडा, चुकलो म्हना, मोकळं व्हा. मीच लावून दिलं त्यास्नी. डोईची टोपी हातात घिऊन हुबं ऱ्हायले तिथं. चुकलो म्हनले.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“तापात निस्ता हात हालवायचे. मूठ वळायची आन् हात असा हळू हळू मागं न्यायचा. मला वाटायचं पानी मागत्यात. मी पानी पाजायची, तर मान हालवायचे. काय मागत हुते, मला कळलंच न्हाई.”

पुष्पा गूळ हातात धरून तशीच बसली. गुळाचं बोटांवर पाणी झालं, तरी तिला कळलं नाही.

*

“बन्सी, तू पहारा करायचा! कुणी आलं की कोकिळेसारखी शीळ घाल.”

“मला कोकिळेची येत नाही. घुबडाची येते.”

“दुपारी बाराला घुबड?” गोरख म्हणाला. “बरं, तू आपला खोक. ते तुला छान येतं!”

भंगाराच्या शेडमध्ये पत्रा तापून भट्टी झाली होती. मोडक्या झाऱ्या आणि गंजलेल्या फावड्यांच्या मागे भुंगा आडवा पडला होता. त्याच्या शेजारी औषध फवारायचं जुनं यंत्र होतं. त्याचंही इंजिन भुंग्यासारखंच, त्याच कंपनीचं, पण आतून कायमचं जाम झालेलं.

गोरखनं भुंग्याला सरळ केलं आणि तो टोपीवर वाकला. टोपीला तीन बोल्ट होते. तो एकदम थबकला.

“काय रे?”

“काही नाही,” गोरख म्हणाला. “पुष्पे, चल, पोहायला जाऊ. हे आपल्या हातचं नाही.”

“असं कसं? आत्ताच तर...” म्हणत पुष्पाही वाकली, आणि तिलाही दिसलं. तिन्ही बोल्टांवरून टोपीवर एकेक बारीक निळी रेघ उतरली होती.

राधाकृष्णमामा बोल्ट आवळला की त्यावर निळ्या पेन्सिलीची रेघ ओढायचे. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि सैल झाल्याचं लांबून कळतं. सगळ्या बागेत ही सवय एकट्या मामांची होती.

मी कधी हातच लावला नाही त्याला!

मग गोरखनंच खिशातून पाना काढला. एक रेघ तुटली. दुसरी. तिसरी. टोपी हातात आली.

आत एक चाक होतं, त्यावर दोरी गुंडाळलेली. चाकाखाली घड्याळात असते तशी, पण मोठी, पट्टीची कमान. कमानीचं टोक तुटून वाकडं झालं होतं.

“कमान तुटलीय,” गोरख म्हणाला. त्यानं इंजिनाचं चाक हातानं फिरवलं. आतून ‘फुस्स’ असा दमदार श्वास आला. “इंजिन तर ठणठणीत आहे! फक्त दोरीला परत ओढून घेणारं कुणी राहिलं नाही. मूठ जोरात ओढून एकदम सोडून दिली की अशी तुटते.”

“बाबा सोडायचेच नाहीत कधी!”

“माहितेय गं मला!” गोरख ओरडला, आणि मग त्याला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. तो दोरी उलगडू लागला. बाहेरचा वीतभर तुकडा मातकट होता. त्याच्या आत दोरी गुलाबी होती. चांगली गडद, पक्की, बाजारी गुलाबी!

“खोक! खोक!” बाहेरून बन्सी आत डोकावला. “कुणी आलं नाही, मला नुसतं बघायचं होतं. आयला! हा तर रंगपंचमीचा रंग!”

“तुला काय ठाऊक?”

“अरे, पिंपात हाच रंग कालवला होता ना! भुंग्याचा पाइप पिंपात टाकून सगळ्यांनी एकमेकांवर उडवला, आबासाहेबांवर पण. सगळे नुसते ओरडत होते. मला गालगुंड झालं होतं, आईनं घराबाहेर सोडलं नाही. मी आवाज ऐकत पडलो होतो. भुंगा एकदा सुरू झाला. थांबला. परत सुरू झाला. थांबला. मग नाहीच झाला. मला वाटलं, पेट्रोल संपलं.”

“गोरख, तू कुठं होतास तेव्हा?”

“आईबरोबर आजोळी.”

“आणि बाबा?”

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. रंगपंचमीला मढीला कानिफनाथांची जत्रा. सहादेवबाबा दरवर्षी होळीला निघायचे आणि रंगपंचमी करूनच परतायचे. इकडे कुणीतरी गुलाबी हातांनी दोरी ओढून सोडून दिली, तेव्हा बाबा चार तालुके पलीकडे, नाथांच्या गडावर होते.

आणि मग त्याच कुणीतरी चाक हातानं फिरवून दोरी आत गुंडाळली होती, टोपी बसवली होती, बोल्ट आवळले होते. आणि सवयीनं रेघा ओढल्या होत्या.

गोरख मोडक्या झारीवर बसला. “मी अण्णांची चहाडी करणार नाही,” तो म्हणाला. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. “पुष्पे, ते वाईट नाहीत गं.”

“मी कुठं म्हणते वाईट आहेत म्हणून?” पुष्पाचेही डोळे भरले. “पण छबूबाई रोज कुंपणाला वळसा घालून जातात रे.”

बन्सीनं खिशातले शेंगदाणे काढले, दोघांपुढे धरले, आणि कुणी घेतले नाहीत तेव्हा त्यानंही खाल्ले नाहीत.

शेवटी गोरख उठला. “आपण भुंगा दुरुस्त करायचा. आणि ही दोरी अण्णांना दिसेल अशी ठेवायची. मी काही बोलणार नाही. दोरी बोलली तर बोलली!”

*

फवारायच्या यंत्राच्या इंजिनावरची टोपी अगदी तशीच होती, भोकंही तीच. आतली कमान धड होती. पण दोरी उंदरांनी खाल्लेली!

“सुतळी लावू?” बन्सीनं विचारलं.

“एका झटक्यात तुटेल. बारीक पण पिळाची दोरी पाहिजे.”

ती कुठं आहे हे पुष्पाला माहीत होतं. पण मागायची कशी? संध्याकाळी तिघंही छबूबाईंच्या दारात नुसतेच उभे राहिले. मग पुष्पानं कसंबसं सांगितलं, “आजी, भुंगा सुरू करायचाय. दोरी नाही मिळत.”

छबूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वलणीकडे. मग त्या उठल्या. धोतर काढलं, घडी घातली. बंडी काढली, तिच्या बाह्या सारख्या केल्या, घडी घातली. ते कपडे उराशी धरून त्या म्हणाल्या, “सोडून घ्या. त्यांनीच वळल्याली हाय. पक्की हाय.”

गोरखनं खिळ्यावरची गाठ सोडली. इतक्या हलक्या हातानं त्याला काही करताना पुष्पानं कधी पाहिलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी आठ वाजता कालव्याच्या काठावर तिघंही घामानं निथळत होते. वलणीची दोरी भोकातून ओवली होती, चाकाशी दुहेरी गाठ मारली होती, कमानीला पीळ दिला होता, टोपी बसवली होती. पहिल्यांदा पीळ उलटा बसला म्हणून सगळं पुन्हा खोलावं लागलं होतं. दुसऱ्यांदा कमान उसळून गोरखच्या बोटाला लागली होती. जुनी गुलाबी दोरी पुष्पानं भुंग्याच्या दांडीला बांधली होती.

“ओढ!”

गोरखनं ओढली. भुंगा खोकला. मूठ हातात धरून गोरखनं हात हळूहळू मागे नेला. टक!

पुन्हा ओढली आणि भुंगा गुणगुणायला लागला!

“सुरू झाला! अरे, सुरू झाला!” बन्सीनं उडी मारली ती थेट कालव्यात!

दोन महिने गप्प असलेला तो आवाज साऱ्या बागेत घुमला. बादल्या घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. कामगारांच्या चाळीतून माणसं आली. छत्री घेऊन मॅनेजर आबासाहेब आले. मागून राधाकृष्णमामा धावत आले.

“शाब्बास!” आबासाहेब म्हणाले. “शाब्बास रे पोरांनो! हे तर इंजिनिअर निघाले, राधाकृष्ण! म्हाताऱ्यानं मोडलेलं मशीन यांनी...”

पण मामा ऐकत नव्हते. ते दांडीला बांधलेल्या दोरीकडे बघत होते. मग त्यांनी गोरखकडे पाहिलं. गोरखनं मान खाली घातली. पुष्पाला वाटलं, मामा आता रागावतील, नाहीतर निघून जातील. तिनं गोरखचा हात घट्ट धरला.

मामांनी वाकून भुंगा बंद केला.

“म्हाताऱ्यानं नाही मोडलं, साहेब,” ते म्हणाले. “मी मोडलं. रंगपंचमीला. ओढली आणि हसता हसता मूठ सोडून दिली. कमान तुटली. म्हटलं पुण्याहून नवीन आणून बसवतो, कुणाला कळणार पण नाही. म्हणून तशीच गुंडाळून ठेवली. दोन दिवसांत बाबा आले.”

“अरे, मग त्या वेळी बोलला का नाहीस?”

“तुम्ही सगळ्यांसमोर बाबांना बोललात तेव्हा माझी जीभच उचलली नाही. म्हटलं, उद्या सांगतो. मग बाबांनी माफी मागितली. म्हटलं, आता उद्या सांगतो. मग ते आजारी पडले.” मामांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “मग उद्या राहिलाच नाही, साहेब.”

आबासाहेबांनी छत्री मिटली. “मीच म्हणालो होतो इंजिन आणा, रंग उडवू,” ते पुटपुटले. “आणि न बघता, न विचारता मीच त्याला...”

माणसं बाजूला सरली. छबूबाई आल्या होत्या. कुंपणाला वळसा घालून नव्हे, सरळ बागेतून. भुंग्याचा आवाज ऐकून आल्या होत्या, आणि सगळं ऐकलं होतं.

मामा त्यांच्या पायांशी वाकले. छबूबाईंनी पाय मागे घेतले नाहीत आणि त्यांच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाल्या, “मढीच्या रेवड्या त्यांनी तुज्यासाठी बी आनल्या हुत्या, राधाकिसना. घरी आनून दिल्या हुत्या तुला.”

“व्हय, मावशी.”

“खाल्ल्यास?”

मामा तिथंच मातीत बसले.

“तुज्यावं काय रागवू?” छबूबाई म्हणाल्या. “तू निस्ता गप ऱ्हायलास. मी तर त्यांची बायकू. मीच म्हनलं, चुकलो म्हना.”

आबासाहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. सहादेव माळ्याची काही चूक नव्हती, उद्याच ऑफिसच्या फळ्यावर हे लिहून लावतो, ते म्हणाले. पुन्हा एकदा त्यांनी मुलांना शाब्बास म्हटलं, पाठी थोपटल्या. एरवी बन्सीनं ती पाठ आठवडाभर मिरवली असती. आज तो नुसता ओल्या कपड्यांनी उभा होता.

“आजी,” पुष्पा म्हणाली, “तुम्ही सुरू करता?”

“म्या? म्या कधी हात न्हाई लावला, बाय.”

“मी आहे ना.”

छबूबाईंनी पदर खोचला. मूठ हातात घेतली. मुठीच्या खाली आपल्या वलणीची दोरी बघून त्यांचा अंगठा तिच्यावरून एकदा फिरला. मग त्यांनी ओढली. काहीच झालं नाही.

“आता सोडायची नाही, आजी! मुठीबरोबर हात मागं न्यायचा. हळूहळू. तिला घरी सोडून यायचं.”

छबूबाईंनी मूठ घट्ट धरली आणि हात हळू हळू मागे नेला. अर्ध्यावर तो थांबला. त्या स्वतःच्या हाताकडे, वळलेल्या मुठीकडे बघत राहिल्या. जणू तो हात त्यांचा नव्हताच.

“हे करत हुते व्हय,” त्या म्हणाल्या. “पानी न्हाई. हे करत हुते.”

दोरी ताणलेली होती, आणि छबूबाई रडत होत्या, पण मूठ त्यांनी सोडली नाही. तिला धरून, बोटभर बोटभर मागे नेत, त्या टोपीपर्यंत गेल्या.

टक.

मग त्यांनी डोळे पुसले, पाय रोवले, आणि पुन्हा ओढली. भुंगा खोकला आणि गुणगुणायला लागला. पाणी पाटातून निघालं, सुकलेल्या चिकूंच्या पहिल्या ओळीत शिरलं. बरीच रोपं गेली होती. मामा फावडं घेऊन पुढे धावले आणि जी उरली होती त्यांच्याकडे पाणी वळवू लागले.